माणिकरावांच्या चहाला कुठला टॅग?

किस्से म्हणजे गाळणीतला चोथा. पिणारा चहा पिऊन मोकळा होतो, कप विसळला जातो, आणि चोथा तेवढा गाळणीत बसून राहतो. झटकला तरी चार कण जाळीला चिकटलेलेच! आमच्या कंपनीतली बरीच माणसं रिटायर झाली. काही गावाला गेली, काही थेट वर गेली. त्यांचे किस्से मात्र माझ्या जाळीत अडकलेत. लोक म्हणतात, "सोपानराव, लिहून काढा." मी सातवी पास. आठवीच्या वर्गात जाऊन बसलो होतो, पण मास्तरांनीच हात जोडले. तेव्हा शुद्धलेखन तुमचं तुम्ही दुरुस्त करून घ्या.

आज फक्त चहाचे सांगतो. तेही एकाच माणसाच्या चहाचे.

माणिकराव. मूळचा बीडकडचा. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी आमच्या कुरुळीत आला, आमच्याच शेजारच्या खोलीत भाड्यानं राहिला आणि आमच्याच कंपनीत लागला. मी लेथवर टर्नर, तो क्वालिटीत इन्स्पेक्टर. म्हणजे मी घाम गाळून जॉब बनवायचा आणि ह्यानं चष्मा पुसून तो नापास करायचा. संध्याकाळी परत दोघांनी एकाच ओट्यावर बसायचं! आता असल्या माणसाची चेष्टा करू नये तर काय आरती करावी?

क्वालिटीवाल्यांकडं तीन रंगांचे टॅग असतात. दोरी ओवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट, थेट भंगारात. आणि पिवळा म्हणजे रीवर्क. जॉब वाया गेलेला नाही, पण परत मशीनवर न्या, घासा, सरळ करा. टॅगवर दोन ओळी असतात. वर 'दोष', खाली 'तपासणाऱ्याची सही'. माणिकराव दोषाची ओळ इतक्या देखण्या अक्षरात भरायचा की वाटावं, लग्नपत्रिका छापायला दिलीय.

एका दिवसात त्यानं माझे अकरा जॉब लाल केले. अकरा! सुट्टी झाली, कंपनीच्या बसच्या दारात गर्दी झाली, तेवढ्यात मी एक लाल टॅग त्याच्या पँटच्या मागच्या पट्टीला बांधला. 'दोष: जुनं मॉडेल.' सगळी बस वाचतीय आणि एकाच्या तोंडून शब्द नाही. बसमधली एकी पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी विमलवहिनींनी दार उघडलं. हा आत वळला. वहिनींनी टॅग वाचला आणि ओट्यावर बसलेल्या मला हाक मारली, "भावजी, कंपनीला आज कळलं व्हय? मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं!"

✽

रिटायर होताना लोक घड्याळ आणतात, शाल-नारळ आणतात. ह्यानं काय आणलं? उरलेल्या टॅगचा गठ्ठा! तिन्ही रंग, दोऱ्यांसकट.

वहिनींनी कपाळावर हात मारला. पण बाई हुशार. त्यांनी ते टॅग स्वयंपाकघरातल्या डब्यांना बांधले. धने, जिरे, तिखट, सगळं ओळीनं. चहाचा मसाला त्या घरी कुटायच्या. त्या बरणीला त्यांनी हिरवा टॅग लावला.

माणिकरावांनी तो पाहिला आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हिरवा कामून? तपासला कुणी?"

रोग तो हाच. कंपनीत शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला नग तपासून घ्यावा लागतो. त्याला फर्स्ट पीस म्हणतात. तो पास झाला तरच पुढचं काम. तर ह्या बहाद्दरानं घरात सकाळचा चहा म्हणजे फर्स्ट पीस ठरवून टाकला. कप उजेडात धरायचा. वास घ्यायचा. एक घोट तोंडात फिरवायचा आणि निकाल द्यायचा: "आलं अंडरसाइज आहे." "रंग मायनसमधी गेला." "वेलदोडा प्लस झाला."

चौतीस वर्षांच्या संसारात 'बरा झालाय' हे दोन शब्द ह्याच्या तोंडून निघाले नाहीत. कप मात्र रोज चाटूनपुसून रिकामा!

✽

एका रविवारी त्यांची लेक स्वाती रावेतहून आली. ती तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला. बरोबर सासू-सासरे. मी शेजारधर्म म्हणून हजर. शेजारी चहा उकळत असताना घरी बसणं मला बरं दिसत नाही.

वहिनींनी चहा आणला. आलं, वेलदोडा, मिरीचा नुसता झटका. विहीणबाई म्हणाल्या, "काय सुरेख झालाय हो चहा!"

संपलं असतं तिथंच. पण हा बोलला. "त्यात सुरेख काय? पाणी, दूध, पावडर. आमच्या कॅन्टीनचं मशीन बटण दाबलं की असाच देत होतं. त्याला कुठं कुणी सुरेख म्हणायचं?"

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी तोंड घातलंय. त्या क्षणाला मी ते कपात घातलं.

वहिनींनी कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. दुपारी स्वातीची गाडी निघाली, तर मागच्या सीटवर वहिनी! मांडीवर बॅग.

"कुठं निघालीस?" माणिकराव.

"लेकीकडं."

"अन् उद्या सकाळचा चहा?"

वहिनींनी काच खाली घेतली. "बटण दाबा!"

✽

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आमच्या दारात माणिकराव. हातात रिकामा कप. कोण भिक्षेला येताना इतकी इस्त्री करून येतं?

आमची मंडळी दारातच म्हणाली, "का वं? मशीन बंद पडलं का?" बातमी कुरुळीत माझ्याआधी फिरली होती. आणि मी तर ती आदल्या दिवशीच चार घरी सांगून आलो होतो!

आठ दिवस तो आमच्याकडं चहा प्याला. आणि आमच्या मंडळींच्या देखत एकदाही म्हणाला नाही की आलं अंडरसाइज आहे. जीव कुणाला प्यारा नसतो?

नवव्या दिवशी त्यानं वहिनींना फोन लावला. माझ्यासमोरच, स्पीकरवर. "विमल, किती दिवस ऱ्हाणार?"

पलीकडून शांत आवाज आला. "तुमच्या हातचा मसाला चहा म्या ज्या दिवशी तळापर्यंत पिईन, त्या दिवशी येईन. चहात काय नसतंयच ना? मग लागायलाय किती वेळ!"

फोन बंद. माणिकराव उठला, घरी जाऊन डबे धुंडाळले. धने होते, जिरे होते, तिखट होतं. हिरव्या टॅगची बरणी तेवढी नव्हती. ती बॅगेतून रावेतला गेली होती.

✽

माणूस क्वालिटीतला. त्यानं आधी चहा केला नाही, आधी ड्रॉइंग काढलं! चक्क आलेखाच्या कागदावर. पातेलं, पाण्याची पातळी, दुधाची पातळी, आल्याचा तुकडा: बारा एमएम, प्लस-मायनस अर्धा. कागद ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवला आणि मला व परबला बोलावलं.

परब आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचा. सावंतवाडीकडचा गडी, मोशीत राहतो, आम्हा तिघांत गाडी असलेला एकटाच. म्हणून त्याचं मत आम्ही फार मानतो.

माणिकरावानं गॅसवर दूध ठेवलं आणि खिशातून व्हर्नियर काढला. आलं मापायला! तुम्हांला व्हर्नियर माहीत नसेल तर एवढंच सांगतो, केसाची जाडी मोजायचं हत्यार आहे ते. आल्याची ती गाठाळ, वाकडी बोटं. हा व्हर्नियर लावतो, आलं निसटतं. परत लावतो, परत निसटतं.

परब म्हणाला, "अरे मेल्या, ह्याका चार फांटे आसत. डायमीटर खंयचो घेतलंस?"

"तेच तर ड्रॉइंगमधी लिहायचं राहिलं," असं म्हणून हा पेन शोधायला आतल्या खोलीत गेला.

दूध वर आलं, ओट्यावरून उतरलं, शेगडी विझवून जमिनीवर आलं आणि माझ्या पायापर्यंत पोचलं. मी कशाला सांगू? मला ड्रॉइंगमध्ये कुठं काम दिलं होतं?

माणिकराव परत आला. भिजलेल्या जमिनीकडं बघितलं, हातातल्या तुकड्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दूध गेलं. पण आलं ओके आहे."

✽

मग त्याला परबनं फोनवरून शिकवायचं ठरवलं. परब बँकेच्या रांगेत, हा ओट्याशी, मी स्टुलावर.

"पाणी उकळलं?" "उकळलं." "आलं ठेचलंस?" "मोजून ठेचलं." "आता पात टाक. चांगली मूठभर. कापून."

"पात?"

"पात रे! चहात घालतत ती. माणसान चहात पात घातल्याशिवाय वास येवचो नाय. रांग सरकली, ठेवतंय!"

आता कोकणी माणसाची पात म्हणजे गवती चहा. हे मला ठाऊक होतं. परबच्या गॅलरीत कुंड्या भरून आहे. पण बीडच्या माणसाची पात म्हणजे कांद्याची पात! माणिकराव पिशवी घेऊन बाहेर गेला, भाजीवालीकडून हिरवीगार जुडी आणली, निवडली, धुतली आणि बारीक चिरली. मी स्टुलावरून सगळं बघत होतो. एकदाच म्हणालो, "कोवळी मिळाली की!"

पातेल्यात पडली. उकळली. वर दूध, साखर, पावडर. घरभर असा वास सुटला की पलीकडच्या घरात कुणीतरी खिडकी लावून घेतली.

त्यानं माझ्यापुढं कप ठेवला. वर हिरव्या चकत्या तरंगतायत. म्हणाला, "सोपानभाऊ, खरं सांगा. कसा झालाय?"

मी म्हणालो, "राव, बेसन लावा. भाकरी मी घरून आणतो."

✽

आता माझा किस्सा. ह्यात मी हिरो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बरणी गेल्यामुळं मसाला ह्यालाच कुटायचा होता. मला विचारायला आला. मी सगळं नीट सांगितलं. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, वेलदोडा. आणि शेवटी जिभेला खाज सुटली. म्हणालो, "अन् जायफळ. एका पातेल्याला एक."

जायफळ चहाच्या मसाल्यात नखभर पडतं. त्यानं डोक्याला गुंगी येते हे आमच्या गावातल्या तान्ह्या पोरालाही माहीत, कारण त्याला ते उगाळून चाटवूनच झोपवतात. माणिकरावाला फक्त आकडा कळतो. एक म्हणजे एक. अख्खं किसलं!

त्या रविवारी तो थर्मास घेऊन अकरा वाजता रावेतला पोचणार होता. तसं वहिनींना कळवलंही होतं. सकाळी आठला त्यानं चहा केला आणि ट्रायल म्हणून तीन कप स्वतः प्याला. नऊ वाजता आमच्या ओट्यावर आला. म्हणाला, "सोपानभाऊ, जरा टेकतो." टेकला तो टेकलाच. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. आमच्या मांजरानं त्याच्या पोटावर बस्तान मांडलं.

साडेबाराला वहिनींचा फोन माझ्यावर. "भावजी, हे निघाले का? धपाटे केलेत. गार व्हायलेत."

इथं सरळ सांगायचं होतं, की वहिनी, चूक माझी. पण सत्तर वर्षांची सवय! मी म्हणालो, "निघायचं म्हणत व्हता, पण कट्टाळा आला म्हणून झोपलाय."

मला वाटलं, हसतील. पलीकडून फोन ठेवल्याचा बारीकसा आवाज आला.

चार वाजता हा उठला, थर्मास हातात घेतला आणि विचारलं, "अकरा वाजले का?"

माझी चेष्टा मला गिळेना झाली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

✽

चूक केली की ती निस्तरायची माझी पद्धत ठरलेली आहे. दुसरी, त्याहून मोठी चूक करायची.

पुढच्या रविवारी परबच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. माणिकरावाचा थर्मास माझ्या मांडीवर. निघण्याआधी मी काय केलं? त्याचा चहा मोरीत ओतला आणि आमच्या मंडळींच्या हातचा भरला. त्याला पत्ता नाही, परबला पत्ता नाही. म्हटलं, वहिनी पितील, घरी येतील, मिटला विषय. तळवड्याच्या चौकात ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो तेव्हा पुढं माणिकराव देवाचं नाव घेत होता आणि मागं मी थर्मासचं.

रावेतच्या नवव्या मजल्यावर वहिनींनी एक घोट घेतला. एकच. कप खाली ठेवला.

"हा कुरुळीचा चहा आहे," त्या म्हणाल्या.

माणिकरावाची छाती फुगली.

"पण आमच्या घरचा न्हाई. वेलदोडा सालासकट कुटलेला आहे. मिरी अर्धीच फुटलीय, म्हंजी खलबत्ता झिजलेला आहे. हा भावजींच्या मंडळींचा चहा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी स्वातीच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. फार सुरेख घड्याळ होतं.

माणिकरावाचा चेहरा असा झाला, की त्यानं माझे अकरा जॉब रिजेक्ट केलेत हे मी तिथल्या तिथं माफ करून टाकलं. शेवटी ओकलोच सगळं. थर्मास, जायफळ, ओट्यावरची झोप, सगळं. वहिनींनी ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडं वळल्या.

"झोपेचं राहू द्या. त्यात तुमची चूक न्हाई. पण आता एकदाच. पुढच्या रविवारी, हितं, माझ्यासमोर करायचा. जमला तर येते. न्हाई जमला तर म्या इथंच बरी. स्वातीलाबी सोबत होतीय."

खाली उतरताना लिफ्टमध्ये आम्ही तिघं मजल्यांचे आकडे मोजत होतो. नऊ मजले लई असतात, राव.

मी घरी येऊन सालाचं आणि खलबत्त्याचं जसंच्या तसं मंडळींना सांगितलं. खरं बोलायचं ठरवलं होतं ना! तेव्हापासून आमच्याही घरी चहा बंद झाला. सकाळी साडेसहाला आता दोन रिकामे कप कुरुळीत फिरायला लागले.

✽

तो आठवडा परबनं माणिकरावाला हातात घेतला. पहिलं काम म्हणजे टाइल्सवरचं ड्रॉइंग फाडलं. दुसरं म्हणजे झडती. "व्हर्नियर काढ." एक खिशातून निघाला. "दुसरो?" दुसरा तांदळाच्या डब्यातून निघाला!

"मग मोजायचं कशानं?" माणिकराव रडकुंडीला आला.

"बेअरिंग खराब आसा ता तू कशान सांगायचंस?"

"कान लावून."

"मग आधणाक कान लाव!"

आणि काय सांगू, तिथं गड्याची नस सापडली. डोळे मिटून तो पातेल्याशेजारी उभा राहायचा. पाणी आधी सूं करतं. मग बुडाशी किटकिटतं. मग खदखदतं. ठेचलेलं आलं पडलं की आवाज दबतो. दूध पडलं की सगळं एकदम गप्प होतं, आणि मग खालून गुरगुरत वर येतं. तेव्हा आच कमी करायची. परत गुरगुरलं की परत. तीन वेळा. तिसऱ्या वेळेला आवाज जाड होतो, म्हणे. मला तर सगळे सारखेच वाटले. पण मी लेथवरही जॉबचा आवाज ऐकला नाही, म्हणून तर अकरा लाल झाले.

मसाल्यात जायफळ नखाएवढं. नख माझं, कारण मीच ते तिथं उभं राहून दाखवावं असं ठरलं. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सराव. कप तपासायला परब. माझी जीभ पुराव्यात धरायची नाही असाही ठराव झाला.

शनिवारी परब कप खाली ठेवून नुसता म्हणाला, "जा आता."

✽

रविवार. रावेत. स्वातीचं स्वयंपाकघर. वहिनी हॉलमध्ये गॅलरीकडं तोंड करून बसल्या होत्या, पण कान ओट्याकडं लागलेले. स्वाती मदतीला पुढं झाली. माणिकराव म्हणाला, "बाजूला हो, बाई. आवाज येऊ दे."

पाणी सूं झालं. किटकिटलं. खदखदलं. आलं पडलं. डोळे मिटलेले, मान वाकलेली, हातात चिमटा. मसाला पडला. दूध पडलं. गप्प. मग गुरगुर. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. घरभर असा वास सुटला, की समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

त्यानं कप भरले. पहिला वहिनींपुढं ठेवला आणि हात मागं बांधून उभा राहिला. कंपनीत मी त्याच्यापुढं असाच उभा राहायचो.

वहिनींनी घोट घेतला. थांबल्या. नवऱ्याकडं बघितलं. दुसरा घोट घेतला. मग तिसरा. कुठं घाई नाही, कुठं तोंड वाकडं नाही. तळापर्यंत प्याल्या आणि कप बशीत पालथा घातला. थेंब पडला नाही.

माणिकरावानं चष्मा काढून पुसला. वाफ आली म्हणे. कप तर केव्हाचा रिकामा!

मग मी माझा कप तोंडाला लावला. आलं बरोबर. मिरी बरोबर. रंग असा, की नजर लागावी. आणि साखर?

एक दाणा नाही!

मी परबकडं बघितलं. परबनं माझ्याकडं बघितलं. आवाज ऐकायच्या नादात गडी साखरेचा डबाच विसरला होता. साखर विरघळताना आवाज करत नाही ना! स्वतः मात्र त्यानं कपाला तोंड लावलं नव्हतं. इन्स्पेक्टर कधी आपला जॉब तपासतो का? मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी तो बिनसाखरेचा घोट अमृतासारखा गिळला.

माणिकरावानं शर्टाच्या वरच्या खिशातून तीन टॅग काढले. हिरवा, पिवळा, लाल. ओळीनं टीपॉयवर मांडले, शेजारी पेन ठेवलं.

"विमल," तो म्हणाला, "आज तू इन्स्पेक्टर. तुझ्या हातानं लाव."

वहिनींनी हिरवा उचलला, बघितला, बाजूला ठेवला. लाल उचलला. माणिकराव एक पाऊल मागं सरकला. लाल त्यांनी बशीखाली सरकवला. मग पिवळा घेतला. दोषाच्या ओळीवर काहीतरी लिहिलं. खाली सही केली.

ह्यानं टॅग बांधायला चटकन ओट्यावरचं पातेलं आणून पुढं केलं. वहिनींनी पातेल्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठल्या, आणि तो टॅग त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बांधला. दोरीला दोन गाठी मारल्या.

माणिकरावानं हनुवटी छातीला लावली आणि उलटी अक्षरं एकेक करून वाचली. "दोष... साखर... नाही."

मान वर केली. "कशात?" त्यानं विचारलं.

वहिनींनी आपली बॅग त्याच्या हातात दिली.